१९४२ साली बुजवलेल्या तेलविहिरी : कुवैत, कतार आणि ब्रिटिशांचे जुने करार

जुनीपानं (धागाकर्ती)

फेब्रुवारी १९३८ मध्ये कुवैतच्या दक्षिणेला बुरगान इथे तेल लागलं, तेही जेमतेम ३,७०० फुटांवर. जगातल्या सगळ्यात मोठ्या तेलक्षेत्रांत आज बुरगानची गणना होते. जानेवारी १९४० मध्ये कतारच्या पश्चिम किनाऱ्यावर दुखानच्या पहिल्या विहिरीतून तेल आलं. आणि १९४२ साली या दोन्ही ठिकाणच्या विहिरी सिमेंट भरून बुजवण्यात आल्या. कुवैतमधून तेलाचं पहिलं जहाज निघालं ते ३० जून १९४६ ला. कतारमधून निघायला ३१ डिसेंबर १९४९ उजाडला.

मधल्या वर्षांबद्दल बहुतेक पुस्तकांत एकच ओळ सापडते: युद्धामुळे काम स्थगित झाले. कोणी स्थगित केलं, कोणाला विचारून केलं, आणि तोवर तिथल्या माणसांच्या चुली कशा पेटल्या, यातलं काहीच त्या ओळीत नसतं. म्हणून हा धागा काढला आहे. लांबला तर सांभाळून घ्या.

माझं म्हणणं आधीच सांगते. विहिरी १९४२ मध्ये बुजवल्या, पण त्या अशा परस्पर बुजवता येतील याची तजवीज त्याआधी चाळीसेक वर्षं चालू होती. ती केली होती कागदावर, तीन-चार छोट्या करारांमधून.

पहिला करार २३ जानेवारी १८९९ चा. कुवैतचे शेख मुबारक यांनी ब्रिटिशांना लिहून दिलं की आपण किंवा आपले वारस ब्रिटिश सरकारच्या संमतीशिवाय दुसऱ्या कुठल्याही सत्तेचा प्रतिनिधी ठेवून घेणार नाही, आणि जमीन विकणार नाही, गहाण ठेवणार नाही की भाड्याने देणार नाही. बदल्यात त्यांना १५,००० रुपये मिळाले. हे रुपये हिंदुस्थानी. करार केला बुशहरच्या ब्रिटिश रेसिडेंटने. इराणच्या किनाऱ्यावरच्या बुशहरमध्ये बसणारा हा अधिकारी अख्ख्या आखाताचा कारभार पाही. १८७३ पर्यंत तो मुंबई सरकारच्या हाताखाली होता, त्यानंतर हिंदुस्थान सरकारच्या. आपल्याकडे संस्थानांच्या दरबारी रेसिडेंट बसत, त्याच घडणीची ही व्यवस्था समुद्रापलीकडे नेलेली होती.

दुसरा कागद २७ ऑक्टोबर १९१३ चा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच. मुबारक यांनी रेसिडेंट पर्सी कॉक्स यांना पत्राने कळवलं की येणाऱ्या ब्रिटिश ॲडमिरलला आपण बुरगानची डांबराची जागा दाखवू, आणि तिथे तेल मिळेल असं वाटलं तर ब्रिटिश सरकार नेमेल त्याच्याखेरीज कोणालाही सवलत (म्हणजे तेल शोधण्याचा-काढण्याचा हक्क) देणार नाही. या पत्रात बुरगानचं नाव स्पष्ट आहे. तेल लागण्याच्या पंचवीस वर्षं आधीच ते कोणाला द्यायचं हा प्रश्न निकालात निघाला होता. ब्रिटिश आरमार तेव्हा कोळशावरून तेलाकडे वळत होतं. पुढच्याच वर्षी ब्रिटिश सरकारने इराणमध्ये तेल काढणाऱ्या अँग्लो-पर्शियन कंपनीत निम्म्याहून जास्त भागभांडवल घेतलं. एवढं ध्यानात घेतलं की ॲडमिरल वाळवंटातलं डांबर बघायला का निघाला होता, ते समजतं.

कतारची पाळी ३ नोव्हेंबर १९१६ ला आली. शेख अब्दुल्ला बिन जासिम यांनी अशाच अटी मान्य केल्या. समुद्राकडून हल्ला झाला तर ब्रिटिश बघून घेतील असं ठरलं, पण जमिनीकडून झाला तर काय, हे मोघमच राहिलं. शेखांना खरी भीती जमिनीकडचीच होती, कारण दक्षिणेला इब्न सौद (पुढे सौदी अरेबियाचे राजे) यांची सत्ता वाढत चालली होती. ती हमी त्यांना १९३५ साली मिळाली. तेलाची सवलत अँग्लो-पर्शियनलाच द्यायची, ही त्या हमीची अट होती. १७ मे १९३५ ला सवलतीच्या करारावर सही झाली. संरक्षणाची किंमत तेलात वसूल करण्याचा इतका उघड व्यवहार मी दुसरीकडे क्वचितच वाचला आहे.

कुवैतचा सवलत-करार २३ डिसेंबर १९३४ चा, मुदत ७५ वर्षांची. कंपनीत अर्धा वाटा अँग्लो-पर्शियनचा आणि अर्धा अमेरिकेच्या गल्फ ऑइलचा. सही करताना ४,७५,००० रुपये, तेल सापडेपर्यंत वर्षाला ९५,००० रुपये, आणि पुढे टनामागे तीन रुपये स्वामित्वधन. याशिवाय ब्रिटिश सरकार आणि कंपनी यांच्यात स्वतंत्र राजकीय करार होता. त्यात आणीबाणीच्या काळात तेलावर पहिला हक्क ब्रिटिश सरकारचा, असं होतं. जमीन शेखांची, पण त्या तेलाच्या अडीअडचणीच्या दिवसांचा करार लंडन आणि कंपनी यांच्यातला!

आता १९४२. उन्हाळ्यात जर्मन सेनापती रोमेल इजिप्तमधल्या अल-अलामेनपाशी पोचला होता आणि जर्मन फौजा कॉकेशसकडे निघाल्या होत्या. दोन्हीकडून पुढे सरकले असते तर इराक आणि आखात हाताशी होतं. दुसरं कारण साधं होतं: पोलाद आणि जहाजं यांचा तुटवडा. इराणमधल्या आबादानचा प्रचंड तेलशुद्धीकरण कारखाना शेजारी चालू असताना कुवैत-कतारमध्ये नवे पाइप आणि टाक्या कोण पाठवणार? म्हणून काम थांबवलं, विहिरी बुजवल्या, यंत्रसामग्री हलवली, माणसं काढली. सवलतीच्या करारात युद्धासारख्या कारणासाठी कंपनीला सूट देणारं कलम होतंच. शेखांना त्याच कारणासाठी सूट देणारं एकही कलम नव्हतं.

याची झळ किती बसली हे कळायला आधीची परिस्थिती माहीत हवी. जपानी संवर्धित मोत्यांनी आणि १९२९ नंतरच्या मंदीने आखाताचा मोत्यांचा धंदा बुडवला होता. कुवैतकडे निदान जहाजं आणि व्यापार होता. कतारकडे मोत्यांखेरीज फारसं काहीच नव्हतं. त्यात दुखानचं काम सुरू झालं, मजुरी मिळू लागली, आणि पाठोपाठ ते बंदही पडलं. त्याच साली ब्रह्मदेश जपान्यांनी घेतला आणि तिथला तांदूळ थांबला. हिंदुस्थानातून येणारं धान्य, साखर, कापड कोट्याने मिळू लागलं. पुढच्या वर्षी तर बंगालमध्येच दुष्काळ पडला. कतारमध्ये तो काळ आजही उपासमारीची वर्षं म्हणूनच ओळखला जातो. घरंच्या घरं बहरैनला आणि सौदी किनाऱ्याकडे निघून गेली. लॉरिमरच्या गॅझेटियरने १९०८ मध्ये कतारची लोकसंख्या सुमारे २७,००० दिली आहे. १९४० च्या दशकाच्या शेवटी ती १६,००० च्या आसपास राहिली होती, असा अंदाज अभ्यासक देतात.

तुम्हांला काय वाटतं? विशेषतः आखातात राहणाऱ्यांनी लिहावं ही विनंती.

---

दर्यावर्दी

धागा आवडला. करारांची साखळी छान उलगडली आहे. पण १९४२ च्या निर्णयाबद्दल मी थोडा वेगळा विचार करतो.

त्या वर्षी एप्रिलमध्ये ब्रह्मदेशात येनानजाउंगचं तेलक्षेत्र ब्रिटिशांनी स्वतःच्या हातांनी उद्ध्वस्त केलं. जपानी येऊन ठेपले होते, म्हणून टाक्या पेटवल्या, यंत्रं फोडली. कित्येक मैलांवरून धूर दिसत होता. त्या मानाने कुवैतमध्ये सिमेंट भरून विहिरी बंद करणं हा सौम्य मार्ग होता. तेल जमिनीत सुरक्षित राहिलं आणि युद्धानंतर परत काढता आलं. जर्मन किंवा इटालियन येऊन बसले असते तर शेखांचं काय भलं झालं असतं?

आणि धोका काल्पनिक नव्हता. १९ ऑक्टोबर १९४० च्या पहाटे इटालियन विमानांनी ऱ्होड्सवरून उडून बहरैनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यावर आणि सौदीतल्या धहरानवर बाँब टाकले आणि पुढे एरिट्रियात उतरली. नुकसान किरकोळ झालं, पण विमानं तिथवर पोचू शकतात हे सगळ्यांना दिसलं. युद्धात निर्णय घेणाऱ्याच्या जागी उभं राहून बघायला हवं, असं मला वाटतं.

---

जुनीपानं

दर्यावर्दी, येनानजाउंगचा दाखला अगदी योग्य दिलात. धोका खरा होता हे मलाही मान्य आहे. विहिरी बंद करायलाच नको होत्या असं मी म्हणत नाही. माझा प्रश्न पुढचा आहे: त्या निर्णयाचा खर्च कोणी उचलायचा?

तुमचंच उदाहरण पुढे नेते. ब्रह्मदेशातल्या त्या विध्वंसाबद्दल बर्मा ऑइल कंपनी ब्रिटिश सरकारविरुद्ध न्यायालयात गेली. खटला चालत चालत हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायपीठ) पोचला आणि १९६४ साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला: सरकारने सार्वजनिक हितासाठी खाजगी मालमत्ता नष्ट केली असेल तर भरपाई द्यायला हवी. त्यावर पार्लमेंटने पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, वॉर डॅमेज ॲक्ट करून तो हक्क पूर्वलक्षी पद्धतीने काढून घेतला. कंपनी शेवटी हरली, पण तिला निदान एक दार ठोठावता आलं, मोठमोठ्या न्यायाधीशांनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं. कतारच्या शेखांनी कोणतं दार ठोठवायचं? बाहेरच्या कोणत्याही सत्तेशी परस्पर बोलायचं नाही, हे त्यांनी १९१६ मध्येच लिहून दिलेलं होतं. तक्रार करायची तर बहरैनमधल्या ब्रिटिश पोलिटिकल एजंटकडे, तो ती बुशहरला पाठवणार, बुशहरहून ती दिल्ली आणि लंडनला जाणार.

आणि शेखांचंही एक वेळ सोडा, त्यांना वार्षिक ठरीव रक्कम मिळत राहिली. पण दुखानच्या छावणीत पाणी वाहणारा, दगड फोडणारा मजूर कुठल्याच करारात नव्हता.

---

खोलपाणी

मी ड्रिलिंगच्या क्षेत्रात आहे, बरीच वर्षं आखातात काढली. विहीर बुजवतात म्हणजे काय करतात, ते थोडं सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की वरून सिमेंटची बादली उपडी केली की झालं.

तेलाची विहीर म्हणजे फूट-दीड फूट रुंदीचं, खाली निमुळतं होत जाणारं भोक. आत एकात एक पोलादी नळ बसवलेले असतात, त्यांना आम्ही केसिंग म्हणतो. खाली तेल दाबाखाली असतं, वाट मिळेल तिथून वर यायला बघतं. म्हणून आधी विहीर मारावी लागते, आमच्याकडे शब्दच तो आहे. जड चिखल, म्हणजे बराइटची पूड मिसळलेलं द्रावण, पंपाने आत सोडतात. त्या चिखलाच्या स्तंभाचं वजन खालच्या दाबापेक्षा जास्त झालं की तेल गप्प बसतं. मग ड्रिल पाइप खाली उतरवून त्यातून सिमेंटचा पातळ रस नेमक्या खोलीवर सोडतात, तेलाच्या थरासमोर आणि त्याच्या वर. पाइप वर ओढून घेतात, रस घट्ट व्हायला वेळ देतात, आणि मग पाइप परत खाली नेऊन त्याच्यावर वजन टेकवून बघतात. टेकला आणि हलला नाही तर बूच बसलं. नंतर वरच्या भागात आणखी एक-दोन बुचं, मग तोंडावरच्या झडपा काढून झाकण.

परत उघडायची तर तेच सिमेंट ड्रिलने फोडत खाली जावं लागतं, आणि त्यासाठी डेरिक (विहिरीवरचा उंच पोलादी सांगाडा), पंप, चिखलाच्या टाक्या सगळं पुन्हा आणून उभं करावं लागतं. युद्ध संपलं म्हणून दुसऱ्या दिवशी नळ सोडला, असं होत नाही. कतारला १९४९ उजाडला यात मला आश्चर्य वाटत नाही. सामान नेलेलं, माणसं गेलेली, बंदर नाही. दुखान पश्चिम किनाऱ्यावर आहे आणि तिकडचं पाणी उथळ, म्हणून तेल नळाने आख्खा द्वीपकल्प ओलांडून पूर्वेला उम्म सईदला न्यावं लागलं.

दर्यावर्दींच्या म्हणण्याला एक पुस्ती: नीट बुजवलेली विहीर ही जपलेली विहीर असते. पेटवून दिलेलं क्षेत्र पुढे किती त्रास देतं, ते कुवैतने १९९१ साली पाहिलं. इराकी फौजांनी जाताना सहाशेहून जास्त विहिरी पेटवल्या होत्या. शेवटची आग नोव्हेंबरात विझली. ज्यांनी १९४२ मध्ये बुरगानला चिखल आणि सिमेंट वापरलं त्यांच्या कामाचं मला कौतुकच वाटतं. निर्णय कोणाचा हा प्रश्न वेगळा, आणि त्यात मी धागाकर्तीच्या बाजूचा.

---

गोदाकाठ

सगळीकडे रुपये वाचून एक भर घालावीशी वाटली. आखातात १९६० च्या आसपासपर्यंत हिंदुस्थानी रुपयाच चलनात होता. आमच्या नाशिकला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, कारण तिकडून सोन्याची चोरटी आयात होऊन इथलं परकीय चलन जात होतं. त्या नोटाही नाशिकच्याच. कुवैतने स्वतःचा दिनार आणला तो १९६१ मध्ये.

टपाल तिकिटांचंही तसंच. हिंदुस्थानच्या तिकिटांवर ‘कुवैत’ किंवा ‘बहरैन’ असा शिक्का उमटवून ती तिकडे वापरत. माझ्या संग्रहात सहाव्या जॉर्जची अशी काही तिकिटं आहेत. राजाचं डोकं, खाली इंडिया पोस्टेज, आणि त्यावर काळ्या शाईत कुवैत. हा मुलूख कोणाच्या दफ्तरातून चालत होता, हे त्या बोटभर कागदावरून कळतं.

---

मावळतीर

उत्तम चर्चा. यात पुण्याचा थेट संबंध येतो, तो राहून गेला आहे.

तेलासाठी फौज पाठवण्याची सुरुवात १९४२ ची नव्हे, १९१४ ची. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर आबादानचा कारखाना आणि तिथवर येणारी तेलनळी राखायला हिंदुस्थानातून फौज निघाली. तिच्यात मुख्य होती सहावी पूना डिव्हिजन. ६ नोव्हेंबर १९१४ ला ती आजच्या इराकमधल्या फाव इथे उतरली. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या.

आणि तेल थांबण्याचा प्रसंगही तेव्हा घडला. फेब्रुवारी १९१५ मध्ये इराणमधल्या अहवाझच्या बाजूला टोळीवाल्यांनी नळी फोडली. तुर्कांच्या जिहादच्या हाकेला साथ देणारे हे अरब, आणि प्रदेश मुहम्मराच्या शेख खज़अलचा, जो स्वतः ब्रिटिशांचा मित्र! नळी दुरुस्त व्हायला जून उजाडला. तोवर खालच्या बाजूला तेल पोचत नव्हतं. ते सुरक्षित करायला फौज कारून नदीने वर गेली, मग तैग्रिसने आणखी वर, आणि बगदादच्या मोहात शेवटी कुतला अडकली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ वेढा. शरणागतीनंतर जे सैनिक कैदेत गेले त्यांतले किती परत आले, हा विषय आमच्या सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीच्या गावांनी सोसला आहे. कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांत पहिल्या महायुद्धाच्या ज्या संगमरवरी पाट्या दिसतात, ‘या गावातून इतके लोक लढाईवर गेले’ अशा, त्यांतले कितीतरी जण मेसोपोटेमियात गेलेले. एक नळी राखायला निघालेली फौज कुठवर ओढली गेली, याचा विचार तेल आणि साम्राज्य यांवर बोलताना व्हायलाच हवा.

---

जुनीपानं

मावळतीर, फार मोलाची भर. खज़अलचं पुढे काय झालं हेही सांगून ठेवते. ब्रिटिशांनी त्याला संरक्षणाची आश्वासनं दिली होती. १९२५ मध्ये इराणच्या रझा खानाने त्याला पकडून तेहरानला नेलं तेव्हा ब्रिटिशांनी हात वर केले, कारण तोवर तेहरानशी जमवून घेणं कंपनीच्या फायद्याचं झालं होतं. समोर कुवैतला हे सगळं दिसत होतं. खज़अल आणि कुवैतच्या शेखांचा जुना घरोबा होता.

---

रिकामा डबा

एक शंका. सौदीतही तेच युद्ध होतं, तिथेही काम रोडावलंच ना? मग सौदी राजाची अशी कोंडी का झाली नाही?

---

जुनीपानं

फार चांगला प्रश्न. सौदीतही काम खूप खाली आलं. दम्मामच्या सातव्या विहिरीने मार्च १९३८ मध्ये भरपूर तेल दिलं, १ मे १९३९ ला पहिलं जहाज रास तनूराहून निघालं, आणि धहरानच्या हल्ल्यानंतर बहुतेक अमेरिकन मायदेशी गेले. शंभरच्या आसपास उरले. हजला येणारे यात्रेकरू घटले, म्हणजे राजाचं दुसरं उत्पन्नही गेलं.

पण इब्न सौद यांचे हात बांधलेले नव्हते. १९२७ च्या जेद्दाच्या तहात ब्रिटिशांनी त्यांचं पूर्ण स्वातंत्र्य मान्य केलं होतं, आणि १९३३ मध्ये त्यांनी सवलत अमेरिकन कंपनीला दिली होती. म्हणून पैशांची चणचण भासली तेव्हा ते कंपनीकडे उचल मागत होते, ब्रिटिशांकडून अनुदान घेत होते, आणि अमेरिकन सरकारलाही आपली निकड कळवत होते. ब्रिटिश जास्त देतात म्हटल्यावर अमेरिकेला काळजी वाटे. १८ फेब्रुवारी १९४३ ला रूझवेल्टने सौदी अरेबियाचं संरक्षण अमेरिकेच्या संरक्षणासाठी अत्यावश्यक असल्याचं जाहीर करून लेंड-लीजची (युद्धकाळात मित्रदेशांना साहित्य पुरवण्याची अमेरिकन योजना) मदत खुली केली. दोन वर्षांनी, १४ फेब्रुवारी १९४५ ला, क्विन्सी या युद्धनौकेवर रूझवेल्ट आणि इब्न सौद यांची भेटही झाली. ज्याला एकाच वाण्याकडे उधारी आहे आणि ज्याच्या दारी दोन वाणी येतात, त्यांच्यात फरक पडणारच.

कुवैतचा विषय त्याच काळात वॉशिंग्टनमध्ये निघाला होता, पण कुवैतशी नव्हे. फेब्रुवारी १९४४ मध्ये रूझवेल्टने ब्रिटिश राजदूत हॅलिफॅक्सला मध्यपूर्वेचा एक नकाशा दाखवला आणि वाटणी सांगितली: इराणचं तेल तुमचं, इराक आणि कुवैतमध्ये आपण दोघं, सौदीचं आमचं. कुवैतच्या बुजवलेल्या विहिरींची वाटणी त्या खोलीत झाली आणि कुवैतचा कोणी माणूस तिथे नव्हता.

---

समुद्रपक्षी

धागा वाचून राहवलं नाही, म्हणून लिहिते. दोह्यात राहते. दुखानला जायचा रस्ता आता मोठा झाला आहे, पाऊण-एक तासात पोचतो. चुनखडीची बुटकी टेकाडं, मध्येच डोलणारे पंप, आणि पलीकडे उथळ, हिरवट पाणी. झाड जवळजवळ नाही. १९४२ मध्ये इथून कंपनी निघून गेली तेव्हा मागे राहिलेल्यांना काय दिसलं असेल, याचा विचार तिथे उभं राहिल्यावर मनात येतोच.

माझ्या कामाच्या ठिकाणी एक वयस्क कतारी गृहस्थ होते. त्यांच्या आईचं माहेर किनाऱ्यावरच्या खेड्यातलं. ती सांगायची की भात फक्त पाहुण्यासाठी शिजायचा. एरवी खजूर आणि वाळवलेली मासळी, आणि मासळी मिळाली नाही तर नुसता खजूर. तिचे दोन काका बहरैनच्या कारखान्यात कामाला गेले ते तिथेच राहिले. आज ज्या देशात आपण नोकरीला येतो, त्या देशातली माणसं तेव्हा नोकरीसाठी बाहेर पडत होती. इथे आल्यावर नवश्रीमंत म्हणून त्यांना नाक मुरडणारे आपले लोक मी पाहिले आहेत. त्यांनी हा धागा वाचावा.

---

दर्यावर्दी

समुद्रपक्षी, प्रतिसाद मनाला भिडला. खर्च कोणी उचलला या मुद्द्यावर धागाकर्तीशी मी आता सहमत आहे. एक मात्र विचारतो. स्थानिक राज्यकर्ते इतके गरीब बिचारे होते का? कुवैतमध्ये १९३८ साली लोकांनी स्वतःचं मंडळ निवडलं होतं आणि शेखांनीच ते मोडलं ना?

---

जुनीपानं

हो, आणि हे सांगायलाच हवं. जुलै १९३८ मध्ये कुवैतच्या प्रमुख व्यापारी घराण्यांनी एक कायदेमंडळ निवडून आणलं. बुरगानला तेल लागून पाच महिने झाले होते. मंडळाने कर कमी केले, शाळांकडे लक्ष दिलं, आणि शेवटी तेलाचे पैसे शेखांच्या खाजगी हाती न जाता मंडळाकडे यावेत असा आग्रह धरला. डिसेंबरात कुवैतचे शेख अहमद यांनी ते बरखास्त केलं. मार्च १९३९ मध्ये रक्तपातही झाला. ब्रिटिशांनी सुरुवातीला मंडळाकडे सहानुभूतीने पाहिलं, पण मंडळ परराष्ट्र आणि तेल या विषयांत हात घालू लागल्यावर त्यांना शेखच बरे वाटले. एका माणसाशी करार केला की काम भागतं, मंडळाशी केला तर ते प्रश्न विचारतं.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: १९४२ मध्ये विहिरी बंद झाल्या तेव्हा प्रश्न विचारू शकणारी एकमेव संस्था तीन वर्षांपूर्वीच मोडलेली होती. आणि त्या मंडळाचे अध्यक्ष होते अब्दुल्ला अल-सालिम. शेख अहमद १९५० मध्ये वारले, तेव्हा हेच गादीवर आले. त्यांच्या काळात, १९५१ साली, कंपनीशी नफ्याची निम्मी-निम्मी वाटणी ठरली, १९६१ मध्ये १८९९ चा करार रद्द झाला आणि पुढच्या वर्षी राज्यघटना आली.

कतारमध्ये असं मंडळ कधी उभंच राहिलं नाही. शेख अब्दुल्ला यांनी १९१६ च्या आणि १९३५ च्या, दोन्ही कागदांवर सही केली होती. ऑगस्ट १९४९ मध्ये त्यांनी मुलाच्या हाती कारभार सोपवला, आणि तेलाचं पहिलं जहाज निघालं ते चार महिन्यांनी.

---

मावळतीर

यावर मूळ कागद वाचायला मिळतात का?

---

जुनीपानं

बुशहर आणि बहरैनच्या ब्रिटिश कचेऱ्यांची दफ्तरं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांतली पुष्कळशी कतार डिजिटल लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. एजंटाची तार, तिच्यावर रेसिडेंटचा शेरा, त्याखाली दिल्लीचं उत्तर, असं पानामागून पान. इंग्रजी जुनं आहे पण अवघड नाही.

माझी अडचण तांदळाची आहे. १९४२ ते १९४५ मध्ये मुंबई आणि कराची बंदरांतून आखाताला किती धान्य गेलं, परवाने कोणाला मिळाले, कोट्यात कपात कधी झाली, हे मुंबईच्या बाजूने बघायला हवं. फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात कोणाचं जाणं-येणं असेल, किंवा मस्जिद बंदरच्या जुन्या धान्यव्यापाऱ्यांच्या घरी त्या काळच्या वह्या असतील, तर मला व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा. मोडी लिपी मी वाचू शकते, गुजराती हिशेबवह्या वाचणारं कोणीतरी सोबत हवं आहे.